चार पायऱ्या खाली

धाकटीने कीबोर्डवर पुन्हा वरची कॉर्ड धरली. चार कॉर्ड्स, एकेक पायरी खाली. पहिली उदास, दुसरी जरा मोकळी, तिसरी जड, आणि चौथी अशी की तिथे थांबवतच नाही. परत वर जावंच लागतं. शेकडो गाण्यांत असतात या चौघी. गायिका येईपर्यंत वाजवत राहायला याहून सोयीचं काही नाही.

पण गायिकेचा, म्हणजे ताईचा, पत्ता नव्हता.

हॉटेलच्या रिकाम्या जेवणघरात आज चाचणी होती. पसंत पडलं तर वर्षभर दर शनिवारी दोघींचा कार्यक्रम. नाहीतर बाहेर सॅक्सोफोनवाला टपून बसला होताच.

"बाई, हे गाणं आहे की जिना?" मॅनेजर म्हणाला. "मघापासून उतरतोच आहोत. तळमजला कधी येणार?"

"ताई पोचतेच आहे."

अकरावी फेरी. बोटं घामाने घसरत होती. "तू वाजवत राहा गं, मी आलेच," ताई म्हणाली होती. ताईचं 'आलेच' घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. स्वतःच्या लग्नालाही ती तासभर उशिरा पोचली होती.

तेरावी. मॅनेजर उठला. "पुढच्याला बोलावतो."

ताईची पट्टी उंच, काळी पाच. लहानपणी त्या पट्टीत गाताना धाकटीचा आवाज चारचौघांत फाटला होता. तेव्हापासून तिने गायला तोंड उघडलं नव्हतं. चौथ्या कॉर्डवर तिचा हात अडला. वर न जाता तिने खालची पट्टी, पांढरी पाच, धरली, आपल्या गळ्याला झेपेल अशी, आणि गायला लागली.

मॅनेजर दाराशीच थबकला. त्याच दारातून ताई धापा टाकत आत आली. ऐकून दचकलीच. तिने बोट वर केलं: पट्टी चढव.

धाकटीने नाही म्हणून मान हलवली आणि पुढची ओळ म्हटली. दोन जागी आवाज खरखरला. फाटला नाही.

गाणं संपलं. मॅनेजरने बाहेर डोकावून सॅक्सोफोनवाल्याला हात जोडले.

"शनिवारी सातला," तो म्हणाला. "पट्टी हीच ठेवा."

"एवढ्या खाली माझा गळा जातो का गं?" ताई कुजबुजली. "मी काय करू मग?"

"वेळेवर ये. मग बघू."

ताईने घड्याळात पाहिलं. धाकटीची बोटं मात्र झाकलेल्या कीबोर्डवर अजून उतरतच होती.