बटणांचं कुलूप

"ही बटणंसुद्धा तुझ्या माहेरची झालीत. ऐकून न ऐकल्यासारखं करतात मेली," हे माझ्या कानाशी पुटपुटले.

"दाबा हो जरा जोरात," नवऱ्याला मी म्हटलं, आणि कॉम्प्युटरवरून हुकूम सोडला: आउट, दहा व्होल्ट. मशीनवर दहा उमटले. ह्यांचा चेहरा खुलला.

दुकानामागच्या खोलीत आम्ही लोकांचे मीटर तपासतो. मशीन अचूक व्होल्ट देतं, मीटरने तेवढेच दाखवायचे. हे काम ह्यांनी उभं केलं, मला आणि धाकट्या भाऊजींना शिकवलं. मध्यंतरी ह्यांच्या हातून एका नाजूक मीटरला हजार व्होल्ट गेले. मीटर जळला. "जुनाच होता," भाऊजी म्हणाले. मीही मान डोलावली.

मग माहितीपुस्तक पुढ्यात घेऊन मी कॉम्प्युटरवरून मशीनला तारेतून द्यायचे हुकूम शिकले. या मशीनला अहो-जाहो लागत नाही, तेवढं बरं. पहिला हुकूम बटणांना कुलूप घालायचा. त्याचा लाल दिवा लागतो, त्यावर मी चिकटपट्टी लावली. हे बटणं दाबतात, आकडा मी पाठवते. संसारात तरी वेगळं काय केलं म्हणा!

आज पुढच्या मीटरलाही दहा उमटले, पण हे हसले नाहीत.

"मी त्र्याहत्तर दाबले होते," ते म्हणाले. "मुद्दाम."

भाऊजी घट्टच असलेला स्क्रू पिळू लागले. "मशीन थकलंय, दादा."

"गप रे. सोड गं कुलूप."

खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला. चोर पकडायची अक्कल शाबूत होती की! मीटर सोडवून बाजूला ठेवला आणि कुलूप काढायचा हुकूम, 'लोकल', पाठवला. बटणं मोकळी झाली.

ह्यांनी बाह्या सारल्या. एक दाबला. शून्य दाबलं. आणि बोट अधांतरीच राहिलं. व्होल्टच्या बटणावरून पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

"आता ते... ते आपलं हे..." माझ्याकडे बघून ते हसले, अनोळखी पाहुण्याकडे बघून हसावं तसे.

भाऊजी झटकन उठले. "उजेड कमी पडतोय. दिवा लावतो मी."

"बसा, भाऊजी." मी ह्यांचं बोट मुठीत धरलं. "अहो, उजेड भरपूर आहे. तुम्ही विसरत चाललाय. आणि गेलेलं परत येणार नाही."