सुट्टीत बंद केलेल्या गोळ्या

नाताळची सुट्टी लागली आणि डिलाईल रोडच्या चाळीत मालनने लेकीच्या गोळ्या बंद केल्या. श्रेयाला झोप नाही, अन्न जात नाही, कशात मन नाही, हे सगळं कॉलेजच्या ताणाने झालंय असं तिने ठरवूनच टाकलं होतं. आता कॉलेजच बंद, मग गोळ्या कशाला? शिवाय शेजारच्या अंबिकेने पाकिटावरचं नाव वाचलं, तर पोरीचं लग्न जमायचं कसं? आपल्याकडे आजारापेक्षा त्याच्या नावालाच माणसं जास्त भितात.

आठवडाभरात श्रेया भिंतीकडे तोंड करून पडली ती उठेचना.

"यंदा गावाक जत्रेक गेलंव नाय, म्हणान ह्यां झालां," तिचा बाप गुणाजी म्हणाला. "बाधा आसा ही." दुसऱ्या सकाळी तो भगताला घेऊनच आला.

भगताने दार लावून घेतलं. निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या पडल्या. श्रेया खोकून खोकून वाकडी झाली.

"हात धर तिचे!" गुणाजी ओरडला. मालनने धरले. जन्मदाती आई, पण धरले. भगताची छडी पाठीवर बसली, पुन्हा बसली. गाऊन फाटला, रक्त आलं.

"बोल, कोण तू?"

"श्रेया."

की पुन्हा छडी. स्वतःचं खरं नाव सांगितलं म्हणून पोर मार खात होती.

"आई, कुणी नाहीये गं माझ्यात," ती कण्हली. "सोड ना. मला माझी गोळी दे."

मालनचे हात सुटले. पुढचा फटका तिने स्वतःच्या मनगटावर घेतला, छडी हिसकावली आणि भगताच्या खांद्यावर ओढली. "मेल्या, नाव सांगतेय ना ती तुला!" गुणाजीने तिच्या मुस्कटात मारली. ती कपाटावर आदळली, ओठ फाटला, तरी छडी सोडली नाही. तशीच उठली आणि तिने कडी काढली.

गॅलरीत अख्खी चाळ उभी होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. दार कुणीच वाजवलं नव्हतं.

"माझी पोर डोक्याच्या डॉक्टरची गोळी घेते," मालन मोठ्याने म्हणाली. "मी बंद केली. चुकले मी. टॅक्सी कोण आणतंय बोला."

अंबिका पुढे आली. "मी आणते. माझा पोरगा विनीतसुद्धा तसल्याच डॉक्टरची गोळी घेतो गं," ती म्हणाली आणि जिन्याकडे धावली.

इतके दिवस दोघी एकमेकींपासूनच गोळ्या लपवत होत्या. बाकीचे अजून गॅलरीतच उभे होते. त्यांत आपण कुठे उभे आहोत, ते ज्याने त्याने पाहावं.