दोघांचा एकच अर्ज

मास्तरांनी चाळीस वर्षं कपडे शिवले. नजर अधू झाली तेव्हा मशीन झाकून ठेवलं. मग लेकीने फोनवरून पिच्छाच पुरवला, "बाबा, सत्तरी उलटली की नवा आरोग्य विमा मिळणं कठीण. तुम्ही अडुसष्टचे आहात, आता तरी जा." म्हणून एका सकाळी नवराबायको विमा कंपनीच्या ऑफिसात गेले.

टेबलामागच्या बाईंनी दोघांसाठी एकच अर्ज काढला. "वयात बसता. आता आजार सांगा."

मास्तरांनी पिशवीतून साखरेचे रिपोर्ट काढले. "माझंच रडगाणं लिहा. हिला साधं पडसंही होत नाही."

"मधुमेह चालेल. त्यावरचा खर्च पहिली दोन वर्षं मिळणार नाही, पुढे मिळेल. पण काही लपवू नका. नंतर कळलं तर पॉलिसी रद्द होते. अर्ज एकच, म्हणजे दोघांचीही."

मास्तर सहीसाठी पेन शोधू लागले. बायको खुर्चीत पुढे सरकली.

"माझी मूत्रपिंडं कामातून गेलीत," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. लिहा."

मास्तर हसले. त्यांना थट्टाच वाटली. मग तिने पर्समधून घड्या पडून मऊ झालेला कागद काढला आणि बाईंपुढे ठेवला. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

बाईंनी तो दोनदा वाचला. "काकू, या आजारात आमच्याकडे विमा देता येत नाही. काकांचा वेगळा करू." त्यांनी नवा अर्ज मास्तरांपुढे ठेवला.

"तू दर मंगळवारी बहिणीकडे जायचीस," मास्तर म्हणाले.

"दवाखान्यात जायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचं काम सुटलं, तुम्ही जेवेनासे झालात. त्यात आणखी हे कुठे सांगू? आजही बोलणार नव्हते. पण माझ्या खोट्यापायी उद्या तुमचं अडलं असतं."

मास्तरांनी अर्ज परत सरकवला. "मग मलाही नको."

बाई पाणी आणायच्या निमित्ताने उठल्या. बायकोने पेन मास्तरांच्या बोटांत धरवलं. "मी आहे तोवर करून टाका. नंतर तुम्हाला कोण उठवून आणणार आहे इथे?"

त्यांनी सही केली. ती चौकटीबाहेर गेली.

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. ती चपला घालायला आली, तर ते आधीच दारात उभे. त्यानंतर एकही मंगळवार त्यांनी चुकवला नाही. कुठली गोळी जेवणाआधी, दिवसाला पाणी किती, सगळं तोंडपाठ केलं. दवाखान्याच्या बाकावर ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून डुलकी काढायची आणि ते अंग अवघडलं तरी हलायचे नाहीत.

वर्षभराने विम्याच्या बाईंचा फोन आला. "काका, पॉलिसीचं नूतनीकरण आलंय. काकू कशा आहेत?"

"गेली. महिना झाला."

बाईंनी हळूच विचारलं, "मग पॉलिसी... चालू ठेवायची ना?"

"ठेवा," मास्तर म्हणाले. "तिने करायला लावली होती."