राहून गेलेली टाचणी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भोकं पडून माझी पार चाळण झाली आहे, म्हणून हसू नका. नागपूर स्टेशनजवळच्या एका आरोग्य कचेरीत मी कितीतरी वर्षं भिंतीवर होतो. माझ्यावर डोंगर-नद्या फारशा नाहीत, आहेत त्या रेल्वेच्या रेघा. चारी दिशांच्या गाड्या नागपुरात येतात आणि माणसांबरोबर रोगही बिनतिकिटाचा येतो.

तो कुठून येईल हे आधी ताडायचं काम निरीक्षक रुपरावांचं. लाइनीवरच्या लहान स्टेशनांवर त्यांनी ओळखीच्या माणसांना पत्ता घातलेली कार्डं देऊन ठेवली होती. देवीचा रोगी दिसला की कार्ड टाकायचं. कार्ड आलं की रुपराव त्या गावावर लाल टाचणी टोचत आणि तिकडून येणाऱ्या गाडीला स्टेशनच्या फाटकावर माणसं उभी करत. उतरणाऱ्याच्या अंगावर पुरळ आहे का, दंडावर लसीचा वण आहे का, सगळं बघत. टाचणी लागली की मला दुखायचं, पण मोठे साहेब आले की आधी माझ्याकडेच बघायचे. खोटं कशाला बोलू, मी थोडा फुगलोही होतो.

रुपराव माणूस सोन्यासारखा, पण एक शब्द कानावर पडला की राग अगदी नाकावर. त्यांची धाकटी बहीण देवीच्या रोगानं गेली होती. देवीचा कोप होईल म्हणून घरच्यांनी तिला लस टोचू दिली नव्हती. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातली देवी गेली. लोकांच्या तोंडची 'माता' मात्र जाईना.

एकदा गोंदियापलीकडच्या स्टेशनावरचा रूळ बदलणारा पॉइंट्समन लहानू स्वतःच खबर घेऊन आला.

"साहेब, आमच्या इकडं माता आली जी."

"माता? माय हाय का ते तुही? रोग हाय गा तो, रोग म्हण!" रुपराव सगळ्यांसमोर कडाडले. लहानू मान खाली घालून निघून गेला. टाचणी लागली, तिथला रोग आवरला. लहानूच्या मनाला काय लागलं, ते कुणी पाहिलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचं कार्ड आलं. "रामाजीच्या घरी पाहुणी आली. शनिवारच्या गाडीनं सारे नागपूरले येऊन राहिले." रुपरावांनी ते मनातल्या मनात वाचलं. "फुकट कार्ड घालवते हा," असं पुटपुटून ते खणात टाकलं. शनिवारी फाटकावर कुणीही उभं नव्हतं.

रामाजीचं कुटुंब गांधीबागेमागच्या एका गल्लीत नातलगांकडे उतरलं. महिन्याभरात तिथं नऊ जण आजारी पडले. त्यांत गोपिका होती, आमच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या बायजाबाईंची सहा वर्षांची नात. लसीच्या दिवशी तिला ताप होता, म्हणून लस पुढं ढकलली आणि ती राहूनच गेली. गोपिका वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले.

लहानू धावत आला. "तुम्ही माता म्हनू नको म्हटलं जी. तिले रोग म्हनाले माही जीभ वळेना. मंग पाहुणी लिहिलं."

रुपरावांनी खण उपसून ते कार्ड शोधून काढलं.

पुढं देवीचा रोग देशातूनच गेला. मला गुंडाळून कपाटावर टाकलं, कसर लागली. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या एका संध्याकाळचं. रुपरावांनी बायजाबाईंना समोर बसवून ते कार्ड वाचून दाखवलं आणि हात जोडले.

बायजाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण माहेर त्यांचं लहानूच्या गावाकडचंच. त्या म्हणाल्या, "आमच्या गावाले तिचं नाव घेत नाही, पाहुणीच म्हनतेत. कार्ड आलं तवा मी तं इथंच झाडून राहिली होती जी. मले काहून नाही इचारलं?"

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. पण एखाद्याचं बोलणं कळलं नाही, तर त्याला हसू नका, रागावू नका. शेजारी जो कुणी असेल, झाडणारा का असेना, त्याला आधी विचारा.