बटाट्याचे आजोबा

मैदानावर कुणालाच कुणाचं नाव माहीत नव्हतं. कुत्र्यांची नावं मात्र सगळ्यांना तोंडपाठ. त्यामुळे दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणजे 'सुभेदारची आई', कपडे शिवणारे गृहस्थ 'छबीचे बाबा', आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्या तपकिरी, गोल गरगरीत बटाट्याला फिरवायला आणणारे म्हातारे म्हणजे 'बटाट्याचे आजोबा'. आजोबा का, बाबा का नाही, असं कुणी विचारलंच तर ते म्हणायचे, "बाबा कामावर गेलाय."

हा कामावर गेलेला बाबा म्हणजे त्यांचा मुलगा. लिफ्ट दुरुस्त करायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात सापडलेलं पिल्लू त्यानेच शर्टात गुंडाळून घरी आणलं होतं. पहिला आठवडाभर त्याला फिरवायलाही नेलं. मग काम वाढलं, आणि खाणंपिणं, आंघोळ, गोचिड्या, औषधं हे सगळं आपसूक म्हाताऱ्याच्या गळ्यात पडलं. आई कधीच गेलेली, घरात बाप-लेक दोघंच. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची हौस मात्र लिफ्टवाल्याला दांडगी. कामावर सगळ्यांना मोबाइलमधले फोटो दाखवून सांगायचा, "माझ्याशिवाय पान हलत नाही याचं."

तर असा हा बटाट्या म्हातारपणाने गेला. झोपला तो उठलाच नाही.

मैदानाची एक रीत होती. कुणाचं कुत्रं गेलं की येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी झाडाखाली बसायचं, आणि प्रत्येकाने त्याची एक आठवण सांगायची. ऐकीव नाही, स्वतः पाहिलेली. ज्याचं गेलं त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं. बाकीची कुत्री तोवर मोकळी सोडलेली असायची, त्यामुळे डोळे पुसता पुसता मध्येच कुणीतरी "अरे सोड तिला!" म्हणून ओरडायचंही.

लिफ्टवाला या बैठकीला कधी गेला नव्हता. पण या वेळी त्याला जायचंच होतं, आणि खरं सांगायचं तर दुःखापेक्षा रागाने. आठवडाभर जो तो येऊन बाबांच्या पाठीवरून हात फिरवत होता. आणलं मी, आणि सांत्वन यांचं? बटाट्या कुणाचा होता ते एकदा सगळ्यांना कळायलाच हवं, असं त्याच्या मनाने घेतलं. बाबाही म्हणाले, "तूच बोल. माझ्याच्याने व्हायचं नाही." मग काय, स्वारी धुतलेला शर्ट घालून निघाली.

सुभेदारच्या आईने सुरुवात केली. "ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा इथे आले ना, तर हा माझ्या पायांवरच बसून राहिला. तासभर. उठू म्हणून देईना. घरच्यांनी घेतली नसेल एवढी काळजी."

छबीचे बाबा म्हणाले, "एकदा माझ्या गळ्यातली टेप पळवली लेकाने. मैदानभर धावलो मी, दम लागून खाली बसलो. आणि आपल्या या काकांनी नुसता पाय आपटला जमिनीवर, तर हा शहाण्यासारखा वळून परत! टेप अजून वापरतो. दातांच्या खुणा आहेत तिच्यावर."

सगळे हसले. लिफ्टवालाही हसला, पण मनातून थोडा खट्टू झाला. यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. बाबांनी पाय आपटायची ही काय सर्कस काढली होती, कोण जाणे.

मग त्याची पाळी आली. बोलायला तो पटाईत होता.

"तुम्ही सगळ्यांनी त्याला मैदानावर पाहिलंत," तो म्हणाला, "पण घरातला बटाट्या वेगळा होता. संध्याकाळी माझी बाइक गल्लीच्या तोंडाशी वळली, की आवाजावरून ओळखायचा. हजार गाड्यांत माझीच बाइक! मी दार उघडतो तो हा समोर हजर. एक दिवस चुकला नाही, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. मग मी तिथेच खाली बसायचो, दिवसभरात काय काय झालं ते सगळं त्याला सांगायचो. आणि रोज म्हणायचो, 'या घरात माझी वाट बघणारा तू एकटाच रे बाबा.'"

त्याने वर पाहिलं. आता कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवेल असं त्याला वाटलं होतं. पण सुभेदारची आई आपल्या चपलेकडे बघत होती.

"आवाजावरून?" ती हळूच म्हणाली. "पण तो तर..."

"यायचा, यायचा दाराशी," बाबा घाईघाईने म्हणाले. "खरं आहे ते. मी पाहिलंय."

तेवढ्यावर भागलं असतं. पण छबीचे बाबा साधा माणूस. त्यांना वाटलं, काकांचं कौतुक राहून जातंय.

"यायचा म्हणजे काय, काकाच पाठवायचे ना! कान पार गेल्यावरसुद्धा. खिडकीत बसून तुमची वाट बघायचे, बाइक दिसली की पाय आपटायचे आणि हाताने दार दाखवायचे. ती खूण आम्ही सगळ्यांनी शिकून घेतली. बहिऱ्या कुत्र्याला जमिनीचा हादरा कळतो, हे मला काकांनीच सांगितलं. दोन वर्षं झाली असतील, नाही का हो काका?"

बाबा चष्मा काढून पुसू लागले.

लिफ्टवाल्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. चालत्या लिफ्टचा आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय ते सांगणारा हा माणूस. गावभर त्याच्या कानांचं कौतुक. आणि घरातलं कुत्रं बहिरं झालेलं त्याला दोन वर्षांत कळलं नव्हतं. पण ती लाज एक वेळ सोसली असती. दुसरी तिच्या पाठोपाठ आली, आणि ती सोसवेना. दारातून आत शिरलं की खिडकीजवळची बाबांची खुर्ची समोरच दिसायची. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या देखत तो रोज कुत्र्याला सांगत होता, की माझी वाट बघणारा तू एकटाच. तेही मोठ्याने. मग उठून, बाबांच्या बाजूने, हातपाय धुवायला निघून जायचा.

"छान सांगितलंत हो," सुभेदारच्या आईने सावरून घेतलं. ते तर फारच लागलं. कुणी रागाने बोललं असतं तर त्याला उलट बोलता तरी आलं असतं. लोक उठले, कुत्र्यांना हाका मारू लागले. जाता जाता प्रत्येकाने बाबांचा हात हातात घेतला. लिफ्टवाला मान खाली घालून बाजूला उभा राहिला. आज त्याला त्याचा राग आला नाही.

घरी जाताना बाबा सवयीने रस्त्याच्या कडेकडेने, प्रत्येक खांबापाशी थोडं थांबत चालत होते. तोही थांबत होता.

"मला सांगायचं तरी, बाबा," शेवटी तो म्हणाला.

"काय सांगायचं?"

"त्याला ऐकू येत नाही म्हणून."

"सांगणार होतो की. मग म्हटलं, कळलं तर तू त्याच्याशी बोलायचं सोडून देशील."

"सोडलं असतं तर काय बिघडलं असतं? त्याला कुठे ऐकू येत होतं?"

बाबा पुढच्या खांबापाशी थांबले. थोडा वेळ घुटमळले. मग, कितीतरी दिवस विचारायचं राहून गेलेलं विचारावं तसं, जरा भीत भीतच म्हणाले, "तुझ्या त्या जोडीदाराचा हात सापडला होता ना मशीनमध्ये? तो बरा झाला का रे? कामावर घेतलं का त्याला परत?"

लिफ्टवाला बघतच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू बटाट्याला सांगत होतास ना," बाबा म्हणाले. "मग बटाट्या गेला. पुढचं मला कळलंच नाही."

जोडीदार बरा होता. कामावरही आला होता. पण एवढं साधं सांगायला लिफ्टवाल्याला घराचं दार येईपर्यंत वेळ लागला.