भिंतीखाली पुरलेला रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. माझ्या बुडाला काळा डाग आहे. राखेने, वाळूने, कढत पाण्याने घासूनही तो गेलेला नाही. हल्ली माझ्या पोटात मिठाच्या पाण्यात मुळे मुरत असतात. घाण पाणी, कुजका पाला, मेलेला उंदीर, सगळे काही मी आयुष्यात पोटात घेतले आहे आणि त्यातल्या कशाचीही मला किळस वाटली नाही. मला किळस येते ती फार स्वच्छ हातांची. ती का, हे सांगायलाच बसलो आहे.

हेइशी शहराबाहेरच्या कुंभारवाड्यात माझा जन्म झाला. माझा कुंभार दिवसाला चार शब्दसुद्धा बोलत नसे, पण आतून दगडाचा गुंडा धरून बाहेरून थापी मारताना त्याचा हात कधी चुकला नाही. माझे पोट त्याने इतके पातळ आणि सारखे केले, की टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाद निघे. पुढे एका खानावळवालीने मला नेले. अकरा वर्षे माझ्यात सोयाबीन आंबत होते. भुकेली माणसे आत येत, जेवून ढेकर देत बाहेर पडत. मित्रांनो, रांजणाला याहून जास्त काय हवे असते?

मग पश्चिमेकडचा सरदार जू फौज घेऊन आला आणि शहराला वेढा पडला.

हेइशीचा धनी होता सरदार दुआन ह्वो. आडदांड देह, मोठा आवाज, आणि विचार करायचा मनस्वी कंटाळा. त्याच्या वतीने विचार करायला पेई झान नावाचा सल्लागार होता. सगळे शहर त्याला गुरुजी म्हणत असे. किरकोळ बांध्याचा, गोड बोलणारा माणूस. दिवसातून चारदा डाळीच्या पिठाने हात धुवायचा. मांस खात नसे, कारण म्हणे जिवाची हत्या त्याला बघवत नाही. खोटे कशाला बोलू, पहिल्यांदा पाहिले तेव्हा मलाही तो आवडला होता. खानावळीत येऊन त्याने मला टिचकी मारली, कान लावून नाद ऐकला आणि शिपायांना म्हणाला, "हा घ्या."

शिपायांनी मला आडवे केले. अर्धवट मुरलेले सोयाबीन गटारात वाहू लागले.

"अहो, निम्मी पेठ जेवली असती त्यात!" खानावळवाली ओरडली. "वेढा पडलाय नि तुम्ही अन्न ओतताय?"

"ताई," पेई झान गोड हसून म्हणाला, "शहर राहिलं तर पेठ राहील ना?"

आणि गटाराचा शिंतोडा लागू नये म्हणून त्याने आपला झगा दोन बोटांनी वर उचलला.

शहराच्या पश्चिमेच्या भिंतीखाली माणूसभर खोल खड्डा खणून त्यात मला पुरले. माझ्या तोंडावर बकऱ्याचे पातळ कातडे ताणून बांधले. शत्रू जमिनीखालून भुयार खणत आला, तर कुदळीचा आवाज मातीतून माझ्या पोटात येतो आणि कातड्याला कान लावलेल्या माणसाला कळतो. भिंतीलगत असे सोळा रांजण पुरले होते. माझ्यापाशी श्यू मावशी बसत असे.

मावशी साठी ओलांडलेली सुईण होती. डोळे पार गेले होते, पण चाळीस वर्षे बायकांच्या पोटाला कान लावून तिचे कान सुईसारखे झाले होते. शिपाई तिची थट्टा करत.

"काय मावशी, मुलगा की मुलगी?"

"तुझ्यासारखं काही असेल," ती कान न उचलता म्हणायची, "तर आतच राहिलेलं बरं."

नवव्या दिवशी सकाळी ती एकदम ताठ बसली. मलाही ते ऐकू आले होते. तीन कुदळी, मातीच्या पाट्या ओढल्याची खरखर, मधूनच चाबकाचा फटका. आणि त्या सगळ्याखाली एक हळू गाणे: खाली जा रे, खाली जा, पाणी वाट बघतंय.

पेई झानला बोलावणे गेले.

"गुरुजी, हे शिपाई नाहीत," मावशी म्हणाली. "ही लियूगौ गावची माणसं आहेत. विहिरी खणणारी. धरून आणलीत बिचारी, मागून चाबूक चालतोय."

"इतकं कळतं तुला?"

"अहो, विहिरीत उतरताना ते हेच गाणं म्हणतात. आणि सगळ्यांत पुढं आहे तो कुओ लियांग. त्याचा खोकला ऐका. जन्मला तेव्हा नाळ गळ्याला गुंडाळलेली होती, मी या बोटांनी सोडवली. तेव्हापासून तो असाच खोकतो."

पेई झानने कातड्याला कान लावून तो खोकला ऐकला. मग म्हणाला, "म्हणजे ही तर आपलीच माणसं, मावशी. त्यांना वाचवायला हवं."

मावशीच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी आले. तिने त्याचा हात कपाळाला लावला.

त्याने आमच्या बाजूने एक बारीक भुयार पुढे नेले आणि उरलेल्या मातीत लांब पोकळ बांबू खुपसला. मावशी त्या बांबूला तोंड लावून बोलली. आधी पलीकडे सामसूम झाली. मग दबका, घाबरा आवाज आला.

"मावशी? तू? की भूत?"

"भुताला तुझ्या गळ्याची नाळ कशी माहीत असेल, लियांग? कितीजण आहात?"

"बारा. जूचे लोक मागं आहेत, जेवायला बसलेत. भिंतीपलीकडं भोक पडलं की दोनशे शिपाई घुसणार आहेत."

पेई झान मावशीच्या कानात सांगत होता आणि ती बोलत होती. आणखी चार दिवस खणत या. आमच्या बाजूला डावीकडे एक खोली खोदून ठेवतो. माती फुटली की तुम्ही बाराजण डावीकडे उड्या घ्या. तुम्ही आत गेलात की आम्ही दार लावून घेऊ. मग भुयारातल्या शिपायांचे काय करायचे ते आमचे आम्ही बघू.

पलीकडे कुओ लियांग खोकला. "मावशी, तुमच्या गुरुजींवर भरवसा ठेवू का?"

मावशीने तोंड वळवले. पेई झानने आपला मऊ, धुतलेला हात तिच्या हातावर ठेवला. "माझ्या आईची शपथ."

"ठेव रे," मावशी बांबूत म्हणाली. "मी सांगते म्हणून ठेव."

खोली खरोखर खोदली गेली. मावशीने स्वतः आत जाऊन भिंती चाचपल्या, बाराजण मावतील ना, हे हात पसरून पाहिले. समाधानाने ती पेज प्यायला वर गेली, आणि माझ्या खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या नाईकाने पेई झानला विचारले,

"गुरुजी, खोलीला दार कधी बसवू?"

"लाकूड कशाला वाया घालवतोस?" पेई झान म्हणाला.

मित्रांनो, मी ते ऐकले. मला तोंड होते, पण त्यावर कातडे ताणलेले होते.

चौथ्या दिवशी भर दुपारी माती फुटली. बारा माणसांनी डावीकडे उड्या घेतल्या. त्यांच्या मागून जूचे शिपाई दाटीवाटीने भुयारात शिरले. तेव्हा पेई झानने मान हलवली. आमच्या भुयाराच्या तोंडाशी भट्टी रचली होती, तिच्यात मोहरीचा भुसा आणि वाळका दवणा पेटला आणि सहा भाते एकदम चालू झाले. फोडणीचा ठसका तुम्ही खाल्ला असेल. तसा ठसका, शंभर पटींनी, बंद जागेत. धूर सरळ भुयारात गेला. डावीकडच्या खोलीतही गेला, कारण त्याला अडवायला काही नव्हते.

मावशीचा कान माझ्यावर होता. शेकडो घसे खोकत होते, आणि त्यांत एक खोकला ती ओळखत होती.

"मावशी! दार! दार लाव!"

ती उठली आणि आवाजाच्या दिशेने धावली. शिपायांनी धरले तेव्हा तिने त्यांना चावे घेतले. भाते सूर्य कलेपर्यंत चालू होते. जमिनीतून झिरपून तो धूर माझ्या बुडाशी साठला. डाग त्याचाच.

संध्याकाळी पेई झान हात पुसत आला.

"दार का नाही लावलंत?" मावशीने विचारले. तिचा आवाज सपाट झाला होता.

"ते बारा आत जाऊन दार लागेपर्यंत शिपाई सावध झाले असते, मावशी. बाराजणांत दोनशे गेले. फार स्वस्तात पडलं. तुझा आवाज नसता, तर ते इतके निर्धास्त आलेच नसते."

"आईची शपथ घेतलीत."

"आई?" तो सहज म्हणाला. "ती तर मला जन्म देतानाच गेली."

हे त्याने एका सुईणीला सांगितले. मित्रांनो, मी मातीचा आहे, मला ओकारी येत नाही. त्या क्षणी ती यायला हवी होती, असे फार वाटले.

त्या दिवशी वाड्यावर मेजवानी झाली. दुआन ह्वोने पेई झानला भर सभेत मिठी मारली म्हणे. मावशीकडे रेशमाचे दोन तागे आले. तिने एका ताग्याने माझ्या कातड्यावरची काजळी पुसली, दुसरा खड्ड्यातल्या चिखलावर अंथरला आणि त्यावर पाय ठेवून बसली. बारा मुडदे तिला मिळाले नाहीत. ते बाकीच्यांबरोबर कोरड्या खंदकात लोटले गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी बहिरी झाली. शिपाई हाका मारून थकले. ती वळून बघेना. धुराने कान गेले असतील, असे वैद्याने ठरवले. पेई झानला ते पटले नाही. तो स्वतः आला. मावशी माझ्या काठाला धरून बसली होती. त्याने तिच्या डोक्यामागे काशाची परात दगडावर आपटली. ती हलली नाही. त्याने एका बाईकडून तान्हे मूल आणवले आणि त्याला चिमटा काढून रडवले. ती हलली नाही. मग तो अगदी जवळ वाकला आणि हळूच म्हणाला,

"लियांग जिवंत आहे. माझ्या घरी निजवलाय. तुझं नाव घेतोय. येतेस?"

मावशीची बोटे माझ्या काठावर अशी आवळली, की मला वाटले, मी आता तडकतो. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नव्हती. थोड्या वेळाने तिने मान उचलली आणि बहिरी माणसे बोलतात तशा मोठ्या आवाजात विचारले,

"कुणी आहे का इथं? जेवण आलं का?"

पेई झान निघून गेला. लियांग जिवंत नव्हता. तो खंदकात होता.

पुढचे थोडक्यात सांगतो. रांजणांना कान लावायला दुसरे कानकरी नेमले, पण तेही हुशार झाले होते. ऐकू आले म्हटले की आपल्या गावच्या माणसांवर भाते चालणार, हे त्यांना कळून चुकले होते. सगळे एकच सांगत, "काही नाही, गुरुजी." शेवटी पेई झान स्वतः रांजणांना कान लावू लागला. त्याला सगळीकडे कुदळी ऐकू येत. खरे तर तो त्याच्याच कानातल्या रक्ताचा आवाज होता, पण त्याला हे कोण सांगणार? तो इथे खणवी, तिथे खणवी. उपभुयारे खणून खणून त्याने पश्चिमेच्या भिंतीखालची जमीन उंदरांनी पोखरलेल्या पोत्यासारखी केली. चार दिवस पावसाची झड लागली, आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर साठ हात भिंत आपण होऊन खाली बसली.

जूची फौज आत आली. दुआन ह्वो आपल्या दारातच मारला गेला. पेई झानचे काय झाले, म्हणता? त्याने हात धुतले, उरलेल्या तटाचे नकाशे काखोटीला मारले आणि दुपारच्या आत जूच्या तंबूत जाऊन बसला. ज्या जूचे दोनशे शिपाई त्याने गुदमरवून मारले होते, त्या जूने त्याला उजव्या हाताला बसवले. "असा माणूस दुसऱ्याकडे असण्यापेक्षा आपल्याकडे असलेला बरा," असे म्हणाला म्हणे. मग दोघे जेवले. एकासाठी बिनमांसाचे होते.

शहर पडल्यावर लियूगौच्या बायका आपली माणसे शोधत आल्या. खंदकाशी जाऊन परतल्या. त्यांच्या गाडीत पाण्यासाठी भांडे नव्हते, म्हणून त्यांनी मला खड्ड्यातून उपसले, आणि माझ्याशेजारी बसलेली म्हातारीही उचलून घेतली. "बिचारी श्यू मावशी," त्या म्हणाल्या. "आधी डोळे गेले, आता कानही. आपली बाळंतपणं हिनंच केली ना?" कुओ लियांगच्या बायकोने, रोंगने, तिला आपल्या घरी ठेवले. आपल्या वाटणीच्या राळ्याच्या पेजेतली वरची दाट पेज ती मावशीला वाढायची आणि खालचे पाणी आपण प्यायची. मावशी मान खाली घालून ती पेज गिळायची. असा महिना गेला.

एके दिवशी सकाळी रोंग माझ्यात मुळे रचत होती. मीठ चोळता चोळता ती आपल्याशीच बोलावे तशी बोलली.

"मावशी, तुला ऐकू येत नाही, माहीत आहे मला. तरी विचारते. माझा माणूस भारी सावध होता गं. विहिरीत उतरताना दोर तीनदा ओढून बघायचा. तो त्या धुरात आपल्या पायांनी कसा गेला? कुणी फसवलं त्याला?"

मावशी अंगणात बसली होती. तिला उत्तर द्यायची गरज नव्हती. बहिरीकडून कुणी उत्तर मागत नाही. ती मरेपर्यंत तशीच बसली असती, तरी पेज मिळत राहिली असती.

"मी," मावशी म्हणाली.

रोंगचे हात थांबले. मग तिने मुठीतले मीठ माझ्यात सोडले, झाकण ठेवले आणि हात पदराला पुसले.

"गप्प बस," ती म्हणाली. "आत्ता एक शब्द बोलू नकोस. बाकीच्या अकराजणींना बोलावून आणते. मग पहिल्यापासून सांग."

आणि मावशीने सांगितले. बांबूत काय बोलली तेही, जसेच्या तसे.

मित्रांनो, बाजारात अजूनही पेई झानच्या चातुर्याच्या गोष्टी सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. मला त्या मानांची कीव येते. रांजणाला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. रांजण फुटला तर कुंभार दुसरा घडवील. तुमच्या आवाजावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांना जपा. कुणी गोड बोलून तो आवाज घटकाभर उसना मागायला आला, तर आधी जाऊन पाहा, खोलीला दार आहे का.