उजवा हात मोकळा

वहिनीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती आणि दादा मिळून फोटोफ्रेमचं दुकान चालवत. काच कापायची ती, गिऱ्हाईक सांभाळायचा दादा. दादाची बहीण, जिला घरात सगळे धाकटीच म्हणत, खुणांची भाषा शिकली ती वहिनीकडूनच, दादाच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, ओट्याशी उभं राहून भाज्या चिरता चिरता. पुढे तिने रीतसर शिक्षण घेतलं आणि तोच तिचा व्यवसाय झाला. बँकेत, कोर्टात, शाळेच्या पालकसभेत ती दोन माणसांच्या मधे उभी राहायची आणि एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवायची. जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. घरच्या माणसांसाठी हे काम करू नये असा या व्यवसायात संकेत आहे, आणि धाकटीने तो आजवर पाळला होता.

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी वहिनीने तिला तो मोडायला लावला. "तुझा दादा मला बातम्यांचे मथळे सांगतो," ती म्हणाली. "मला सगळी बातमी हवी."

त्या बोलण्यात राग होता आणि तो जुना होता. मोठ्या मुलीच्या वेळी डॉक्टर दादाशी किती तरी वेळ बोलत होते, आणि मग दादाने वळून वहिनीला एकच खूण केली होती: ठीक. त्यानंतर तिला ऑपरेशनच्या खोलीत नेलं. तिथे सगळ्यांच्या तोंडावर मास्क. तिच्या एका हाताला सलाईन, दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा, आणि दोन्ही हात फळ्यांना बांधलेले. तिच्या दृष्टीने तिचं तोंडच बांधलं होतं. पडद्यापलीकडे बाळ निघालं, रडलं, पुसून झालं, वजन करून झालं, पण तिला दाखवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. वरच्या दिव्याकडे बघत ती पडून राहिली होती आणि बाळ गेलं असंच धरून चालली होती.

म्हणून या खेपेला तिला नॉर्मलच हवं होतं. नव्या डॉक्टरबाई बोलताना मास्क खाली घेत, चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बेताने उभ्या राहत. त्यांनी धाकटीमार्फत सगळं समजावून सांगितलं होतं. पहिलं सिझर झालेलं असलं तरी नॉर्मल होऊ शकतं, पुष्कळदा होतं. कळांच्या जोराने जुना व्रण उकलण्याचा धोका थोडा असतो, पण तसं झालंच तर हातात वेळ उरत नाही. वहिनीने विचार करून प्रयत्न करायचं ठरवलं. दादाला ते मुळीच पटलं नाही. आठवडाभर घरात अबोला होता. खुणांच्या घरात अबोला धरायचा म्हणजे एकमेकांकडे बघायचंच नाही. दादा जेवताना ताटात मान खुपसून बसायचा आणि वहिनी त्याच्या टाळूकडे बघत जेवायची.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. मुलीला आईवर सोपवून तिघं दवाखान्यात पोचली. प्रसूतीची खोली लहानशीच होती. एक उंच पलंग, कोपऱ्यात बेसिन, खिडकीला धुरकट काच, दाराला चौकोनी काच आणि पलंगाशेजारी बाळाचे ठोके मोजणारं यंत्र. वहिनीच्या पोटावर दोन पट्टे आवळले. यंत्राची टकटक तिच्याखेरीज सगळ्यांना ऐकू येत होती, म्हणून सिस्टरने यंत्र तिच्या बाजूला वळवून दिलं. त्यावर हिरवा आकडा वर-खाली होत होता.

पाठीतून भूल देऊन कळा कमी करता येतील, असं सिस्टरने सुचवलं. वहिनी नको म्हणाली, तिला चालायचं होतं. ती खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होती, कळ आली की पलंगाचा कठडा धरून वाकत होती. धाकटी समोर उभी राहून सगळं सांगत होती: तपासणीत काय कळलं, औषध कसलं, इतकंच काय, शेजारच्या खोलीतली सिस्टर ड्यूटी बदलून देत नाहीत म्हणून कुरकुरत होती तेसुद्धा. वहिनीला त्याचं हसू आलं. दादा खुर्चीच्या टोकावर बसून होता. दुकानातल्या मापांच्या, खिळ्यांच्या, काचेच्या खुणा तो झरझर करायचा, पण घाबरला की त्याचे हात गुडघ्यांवरून उचलतच नसत.

दुपारपर्यंत ठीक चाललं. मग कळ आली की हिरवा आकडा घसरायला लागला. कळ ओसरली की तो परत वर यायचा, पण रेंगाळत. सिस्टरने वहिनीला पलंगावर डाव्या कुशीवर वळवलं आणि डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. त्यांनी यंत्रातून आलेली कागदाची पट्टी हातात धरून नीट पाहिली, वहिनीला तपासलं, मास्क खाली घेतला.

"बाळ दमायला लागलंय," त्या म्हणाल्या. "हातघाईवर आलेलं नाही. दोन रस्ते आहेत. आत्ता शांतपणे सिझरला जाऊ. पाठीतून भूल देऊ, तुम्ही जाग्या असाल. नाही तर अजून थोडं थांबू. गर्भपिशवीचं तोंड बरंच उघडलंय, नॉर्मल होण्याची आशा चांगली आहे. पण थांबलो आणि ठोके एकदम पडले, तर धावावं लागेल. तेव्हा पाठीतल्या भुलेला वेळ नसेल, पूर्ण झोपवावं लागेल. बाळालाही तेव्हा धोका जास्त."

धाकटीने शब्दन् शब्द हातांवर घेतला. डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या की आत्ता या घटकेला दोन्ही रस्ते त्यांना मान्य आहेत, एकमेकांशी बोला, त्या येतातच. त्या गेल्या आणि दादाने धाकटीला दाराबाहेर बोलावलं.

"आत जाऊन सांग," तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात सिझरच करावं लागेल."

"त्या तसं म्हणाल्या नाहीत."

"म्हणतील घटकाभराने. आणि तोवर उशीर झाला तर? एका शब्दाचा प्रश्न आहे. कुणाला कळणार आहे?"

एका शब्दाचाही नव्हता. थांबता येईल आणि थांबता येणार नाही, या दोन्हीसाठी हात एकच खूण करतात. फरक फक्त मान हलवण्याचा. धाकटीचेही कान मघापासून त्या टकटकीवर होते. तिच्यावर सोपवलं असतं तर तिने केव्हाच सिझर म्हणून टाकलं असतं.

"तू तिची नणंद आहेस की दुभाषी?" दादाने विचारलं.

"आज दुभाषी. नणंद म्हणून विचारशील तर मलाही सिझरच बरं वाटतंय. पण ते मी माझं मत म्हणून सांगेन. डॉक्टरांच्या तोंडी नाही घालणार."

दादा काही तरी बोलणार होता, पण त्याची नजर दाराच्या काचेकडे गेली. आत वहिनी कुशीवर पडून त्या दोघांकडेच बघत होती. ओठांवरून बोलणं ओळखण्यात तिचा हातखंडा होता, आणि दादाचे ओठ तर तिच्या रोजच्या वाचनातले.

दोघं आत आली. वहिनीने धाकटीला विचारलं, "काय म्हणत होता?"

बाहेरचं बोलणं सांगणं हे दुभाष्याचं काम होतं का, याचं उत्तर धाकटीला कुणी शिकवलं नव्हतं. तिने दादाकडे वळून म्हटलं, "तू सांग. तुझ्या हातांनी." आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

मधे एक कळ आली आणि गेली. आकडा घसरला, रेंगाळला, वर आला. मग दादाचे हात गुडघ्यांवरून उठले. खुणा मोडक्यातोडक्या होत्या, मधेच चुकत होता, परत करत होता. मी हिला खोटं सांगायला सांगितलं, तो म्हणाला. मग तो मागच्या वेळचं सांगायला लागला, जे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, धाकटीलाही नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर तो उभा होता. आतून एकजण पळत आला आणि थोड्या वेळाने रक्ताच्या पिशव्या घेऊन परत पळत आत गेला. दादाने विचारलं तर कुणी थांबेना. ते रक्त आतल्या दुसऱ्या खोलीतल्या पेशंटसाठी होतं हे त्याला फार उशिरा कळलं.

"तोवर मी धरून चाललो होतो की तू गेलीस," तो म्हणाला. "घरी कसं सांगायचं ते ठरवत होतो. नंतर तू विचारलंस बाहेर काय झालं, आणि मी म्हटलं, ठीक."

वहिनी म्हणाली, "मी आत बाळ गेलं म्हणून रडत होते. तू बाहेर मी गेले म्हणून. आणि बाळ मजेत." हसण्यासारखं होतं, पण दोघांपैकी कुणी हसलं नाही. तिने त्याचं मनगट धरून त्याला पलंगाच्या कडेवर बसवलं. खोटं सांगायला लावण्याबद्दल आपण नंतर बोलू, असं तिने बजावलं, आणि ते तिने पुढे खरंच केलं, आठवडाभर.

डॉक्टरबाई परत आल्या तेव्हा वहिनीने एकच प्रश्न विचारला. धाकटी तो बोलली: "अशी कुठली वेळ येईल, की तुम्ही मला विचारणार नाही?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ठोके पडले आणि वर आलेच नाहीत, तर. तेव्हा मी विचारत बसणार नाही, पलंग ढकलत धावेन. ही वेळ यावी असं मला वाटत नाही, पण ती येणारच नाही असं मी म्हणू शकत नाही."

वहिनीने डोळे मिटून एक कळ सोसली. मग तिने सांगितलं की पुढच्या तपासणीपर्यंत थांबू. आणि तोवर, ऑपरेशनच्या खोलीत जायची पाळी आलीच तर काय हवं तेही तिने सांगून ठेवलं. सलाईन डाव्या हाताला. रक्तदाबाचा पट्टा पायाला. उजवा हात मोकळा. धाकटी तिच्या डोक्याशी, तिला दिसेल अशी. आणि बाळ बाहेर आलं की आधी तिला दाखवायचं, मग पुसायचं. डॉक्टरबाईंनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. फक्त धाकटीला मास्क लावावाच लागेल म्हणाल्या. खुणांच्या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं. "भुवयांनी बोलेन," धाकटी म्हणाली.

मग वाट बघणं सुरू झालं. कळ आली की दादा आकड्याकडे बघायचा आणि वहिनी दादाकडे. त्याचा जबडा आवळला की तिला आकडा बघायची गरज नव्हती. एकदा आकडा चांगला वर राहिला, पुढची कळ आली तरी फारसा हलला नाही, आणि सिस्टरने हसून अंगठा दाखवला. धाकटीच्या खांद्यांवरचं ओझं थोडं उतरलं. मग एक लांब कळ आली. आकडा घसरला, आणखी घसरला, आणि खालीच राहिला. सिस्टरने वहिनीला उजव्या कुशीवर वळवलं, हात घंटीकडे नेला. टकटक इतकी विरळ झाली की दोन ठोक्यांमधे खिडकीबाहेरची रहदारी ऐकू यायला लागली. मग हळूहळू, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा, आकडा वर आला.

डॉक्टरबाई आल्या. पट्टी पाहिली. वर आला आहे, तपासणीपर्यंत अजून थांबता येईल, पण आता त्यांचा कल सिझरकडे आहे, असं त्या म्हणाल्या. धाकटीने दोन्ही भाग सांगितले, थांबता येईल हाही आणि कल हाही. तिची मान सरळ राहिली.

वहिनीने उजवा हात वर केला. "चला," ती म्हणाली. "मला जागेपणी जायचंय."

पलंग ढकलत नेताना तिचे डोळे भरून आले होते. तिने ते पुसले नाहीत आणि कुणी काही समजूतही घातली नाही.

ऑपरेशनची खोली थंड होती. भूल देणारे डॉक्टर वयस्क होते. पाठीत सुई घालण्यापूर्वी त्यांनी वहिनीला काय होणार ते आधी स्वतःच्या पाठीवर बोट ठेवून दाखवलं. सलाईन डाव्या हाताला लागलं, पट्टा पायाला. एका मदतनिसाने सवयीने उजवा हातही फळीवर घेतला आणि पट्टी ओढली. वहिनीने हात हिसडला. "तो मोकळा," डॉक्टरबाई पडद्यापलीकडून म्हणाल्या, आणि मदतनिसाने पट्टी सोडली.

धाकटी डोक्याशी वाकून उभी होती. मास्कवर नुसते डोळे. ती सांगत राहिली: आता कापतायत, आता ओढल्यासारखं वाटेल, आता पाण्याची पिशवी फुटली, आता डॉक्टर नुसतं 'जरा उजेड' म्हणाल्या. मधे कुणी बोललं नाही तेव्हा तिने तेही सांगितलं, की कुणी बोलत नाही. वहिनीचा हात विचारत होता, अजून? अजून? धाकटीचे हात म्हणत होते, अजून नाही.

मग पडद्यावरून बाळ आलं. जांभळं, ओलं, मुठी आवळलेलं, तोंड एवढं मोठं उघडलेलं. मुलगा होता. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"रडतोय का?"

"रडतोय."

"कसा?"

धाकटीला याची खूण माहीत नव्हती. आवाज कसा आहे, हे वहिनीने तिला आजवर कधी विचारलंच नव्हतं. तिने भुवया आक्रसल्या, दोन्ही मुठी छातीशी आणून झटकल्या. "चिडलाय. रांगेत कुणी मधे घुसल्यासारखा."

वहिनीचं सगळं अंग हसायला लागलं आणि डॉक्टरबाईंनी पलीकडून जरा दमाने घ्या असं सांगितलं. धाकटीने तेही सांगितलं.

संध्याकाळी वॉर्डात बाळ वहिनीच्या कुशीत झोपलं होतं. टाके घालताना डॉक्टरबाईंना जुना व्रण बराच पातळ झालेला दिसला होता. पातळ असला म्हणजे उकललाच असता असं नसतं, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं. थांबले असते तर नॉर्मल झालं असतं का, हे वहिनीने धाकटीला विचारलं आणि धाकटी म्हणाली, माहीत नाही. वहिनीने मान डोलावली. तिला वाईट वाटत होतं आणि ती ते लपवत नव्हती.

दादाने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बाहेर काय काय झालं ते सांगायला घेतलं. पाणी प्यायला गेलो तर नळाला पाणी नव्हतं. आईचा फोन आला, काय सांगू कळेना, म्हणून मुलीशी बोलत बसलो. एक बाई शेजारी येऊन बसली, तिच्या मुलीचीही वेळ भरली होती, तिने मला तीनदा विचारलं तुमची कितवी खेप. मग सिस्टर बाहेर आली, तर तिला काही बोलू न देता मी आधी तुझंच विचारलं. काही म्हणता काही गाळायचं नाही असं त्याने बहुधा ठरवलं होतं. धाकटी पिशवी भरून घरी निघाली तेव्हाही त्याचे हात चालूच होते. वहिनीने बराच वेळ सगळं पाहिलं, आणि मग गिळता न येणारी जांभई देऊन डोळे मिटून घेतले.